एक शैवाल, तीन नावं

नॉर्वेतल्या नितेल्वा नदीच्या पाण्यातून १९५९ साली ओलाव्ह स्कुलबर्ग या संशोधकांनी एक हिरवं शैवाल वेगळं काढलं. चंद्रकोरीसारखी वाकलेली एकच पेशी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. हे शैवाल प्रयोगशाळेत बिनतक्रार आणि भराभर वाढे, आणि पाण्यात काही विषारी मिसळलेलं असलं तर त्याची वाढ लगेच मंदावे. या गुणामुळे ते देशोदेशी पोचलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये बाटलीत शैवाल वाढवून पाणी तपासण्याची पद्धत आखली, तेव्हा त्यासाठी हेच निवडलं. पुढे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१ क्रमांकाच्या चाचणीतही ते आलं. एखादं नवं कीटकनाशक किंवा रसायन पाण्यातल्या वनस्पतींना कितपत घातक आहे हे पाहायचं, तर ते मिसळलेल्या पाण्यात हे शैवाल ७२ तास वाढवतात आणि वाढ किती खुंटली ते मोजतात. सुरुवातीच्या सगळ्या कागदपत्रांत त्याचं नाव सेलेनॅस्ट्रम कॅप्रिकॉर्न्यूटम असं आहे. १९८० च्या दशकात खुद्द स्कुलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बारकाईने तपासलं, तेव्हा हे त्या नावाचं शैवाल नाहीच असं निघालं. त्यांनी त्याला राफिडोसेलिस सबकॅपिटाटा म्हटलं. १९९० मध्ये स्लोव्हाकियाचे फ्रांतिशेक हिंडाक यांनी ते एका नव्या प्रजातीत हलवलं आणि त्याचं स्यूडोकिर्चनेरिएला सबकॅपिटाटा झालं. चाचणीच्या पुस्तिकांनी हे तोंडात न मावणारं नाव उचललं. मग डीएनएचा पुरावा आला आणि राफिडोसेलिस पुन्हा रूढ झालं. शैवाल मात्र तेच, त्याच नदीतून आलेलं.

हे ऐकून कोणी कपाळाला हात लावला तर त्याला दोष देता येणार नाही. शिवाय हा प्रकार अपवादाने घडलेला नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत गोड्या पाण्यातल्या अगदी नेहमीच्या, पाठ्यपुस्तकातल्या हिरव्या शैवालांपैकी कित्येकांची नावं बदलली आहेत आणि अजून बदलत आहेत. शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही का, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकू येतो. माझं म्हणणं असं, की यातले बहुतेक बदल करायलाच हवे होते आणि न करणं महाग पडलं असतं. 'बहुतेक' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नाव दोन अगदी वेगळ्या कारणांनी बदलतं. एक तर त्या जिवाचे खरे नातेवाईक कोण हे नव्याने कळतं म्हणून, किंवा नामकरणाच्या नियमावलीत जुनं नाव बसत नाही म्हणून. पहिल्या बदलामागे ज्ञान असतं, दुसऱ्यामागे दप्तर. दोन्ही एकाच तागडीत घातले की वाद भलतीकडेच जातो.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. यातला पहिला शब्द एक दावा करत असतो. एखाद्या शैवालाला क्लोरेला म्हणायचं, तर क्लोरेला म्हणवणाऱ्या इतर सर्वांशी त्याचं जवळचं रक्ताचं नातं आहे, असं म्हटल्यासारखं होतं. दावा म्हटला की तो तपासता येतो आणि तपासात तो पडूही शकतो. बहुतेक नामांतरांत पहिलाच शब्द बदलतो आणि दुसरा टिकतो, त्याचं कारण हेच. वरच्या उदाहरणात स्यूडोकिर्चनेरिएला आलं आणि गेलं, पण सबकॅपिटाटा टिकून राहिलं. जुनं संशोधन धुंडाळणाऱ्याला हा दुसरा शब्द बराच उपयोगी पडतो.

हा दावा किती कच्च्या पायावर उभा होता, हे क्लोरेलाइतकं दुसरं कुठलंही शैवाल दाखवत नाही. मार्टिनस बेयरिंक या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १८९० मध्ये क्लोरेला व्हल्गॅरिस या जातीचं वर्णन केलं. वर्णन तरी काय करणार? काही मायक्रॉन व्यासाची एक गोल पेशी, आत पेल्याच्या आकाराचं हरितलवक, त्यात पायरेनॉइडचा एक ठिपका. शेपूट नाही, काटे नाहीत, लैंगिक प्रजनन पाहिलेलं नाही. पेशी आतल्या आत विभागते, भित्तिका फुटते, पिल्लं बाहेर पडतात, झालं. पुढच्या शंभर वर्षांत ज्याला ज्याला असा हिरवा गोळा दिसला त्याने तो क्लोरेलाच्या खात्यावर टाकला. गोळा जरा मोठा, जरा लांबट, कुठे पायरेनॉइड ठळक तर कुठे पुसट, एवढ्या फरकांवर शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. यातलीच एक क्लोरेला पायरेनॉयडोसा. तिचं वर्णन १९०३ मध्ये हॅरिएट चिक यांनी केलं. मुडदूस आणि जीवनसत्त्वांवरच्या संशोधनासाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या याच. विसाव्या शतकात प्रकाशसंश्लेषणावर जे पायाभूत प्रयोग झाले, त्यांतल्या कितीतरी प्रयोगांत या नावाचं शैवाल वापरलेलं दिसतं. मेल्विन कॅल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळवून देणाऱ्या कामातही ते होतं.

गडबड आधी रसायनांच्या बाजूने उघडकीला आली. मेरीलँड विद्यापीठाच्या शिहिरा आणि क्राउस यांनी १९६५ मध्ये क्लोरेलाचे ४१ स्ट्रेन, म्हणजे वेगवेगळे जोपासलेले वाण, घेऊन, कोण कशावर वाढतं आणि कशावर वाढत नाही हे तपासलं. जर्मनीत एरिख केसलर यांनी हाच मार्ग वर्षानुवर्षं चालवला. आम्ल किती सोसतं, मीठ किती सोसतं, नायट्रेट वापरता येतं का, कोणतं जीवनसत्त्व बाहेरून लागतं, असे प्रश्न ते प्रत्येक स्ट्रेनला विचारत गेले. सूक्ष्मदर्शकाखाली जुळे भाऊ वाटणारे गोळे या चाचण्यांत एकमेकांचे कुणी लागत नाहीत असं दिसू लागलं. मग डीएनए वाचता येऊ लागला. १९९९ मध्ये हुस आणि सहकाऱ्यांनी क्लोरेलाच्या अनेक जातींच्या एका जनुकाची तुलना केली आणि शंभरावर जातींच्या त्या संसारातून खऱ्या अर्थाने क्लोरेला म्हणता येतील अशा फक्त चार जाती उरल्या. २००४ मध्ये चौथीही पॅराक्लोरेला या नव्या प्रजातीत गेली आणि उरल्या तीन. बाकीच्या नुसत्या शेजारच्या घरात गेल्या असत्या तर फार बोलायला नको होतं. पण त्या हिरव्या शैवालांच्या दोन वेगवेगळ्या वर्गांत विखुरल्या, म्हणजे त्यांचे पूर्वज कित्येक कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेन गावावरून नाव मिळालेली क्लोरेला झोफिंगिएन्सिस २०१२ मध्ये क्रोमोक्लोरिस झाली, ती अशीच दुसऱ्या वर्गातली निघाली. लहान, गोल आणि साधं असणं हे पाण्यात तरंगून जगायला सोयीचं आहे. त्या सोयीकडे अनेक कुळं आपापल्या वाटेने पोचली आणि दिसायला सारखी झाली.

आणि पायरेनॉयडोसा? त्या नावाने जगभरच्या संग्रहांत ठेवलेले स्ट्रेन तपासले तर ते एका जातीचेच नव्हते. काही व्हल्गॅरिस निघाले, काही सोरोकिनियाना, काही तर क्लोरेलाही नव्हते. टेक्सासमध्ये सोरोकिन आणि मायर्स यांनी १९५३ मध्ये एका उष्णताप्रिय स्ट्रेनची माहिती प्रसिद्ध केली. साधी क्लोरेला जिथे दमते तिथे, ३९ अंश सेल्सियसच्या आसपास, हा स्ट्रेन जोमाने वाढे. पायरेनॉयडोसा या नावाखाली तो बराच काळ वावरला. आज तो क्लोरेला सोरोकिनियाना आहे. म्हणजे एका प्रयोगशाळेत 'पायरेनॉयडोसा' ३९ अंशांवर फोफावतं आणि दुसरीत त्याच नावाचं शैवाल तेवढ्या उन्हाळ्यात माना टाकतं, असं झालं तर दोघांपैकी कुणाचाच प्रयोग चुकलेला नाही. चुकलेलं असतं बाटलीवरचं नाव. जुनं नाव ठेवणं हीच स्थिरता, असं म्हणणाऱ्यांनी या स्थिरतेची किंमत पाहावी. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लोरेला पावडरच्या डब्यांवर मात्र पायरेनॉयडोसा आजही छापलेलं आढळतं, आणि आत नेमकं काय आहे हे त्या शब्दावरून कळत नाही.

इथवर सारख्या दिसणाऱ्या परक्यांची गोष्ट झाली. उलटी गोष्टही तितकीच खरी आहे, आणि मला ती जास्त रंजक वाटते. मायक्रॅक्टिनियम या शैवालाच्या पेशींना लांब ताठ केस असतात. त्या केसांवरून ते क्लोरेलापासून वेगळं ओळखावं असं पुस्तकं सांगत. बर्लिनजवळच्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात दाखवून दिलं, की हे केस शत्रूच्या चाहुलीने येतात. ब्रॅकिओनस हा शैवाल खाणारा रोटिफर ज्या पाण्यात राहिला आहे ते पाणी गाळून घातलं तरी पुरे, मायक्रॅक्टिनियम केस उगवतं. शांत प्रयोगशाळेत, शत्रूविना वाढवलं की केस नाहीसे होतात आणि उरतो एक हिरवा गोळा. म्हणजे तळ्यात त्याचं नाव एक आणि बाटलीत दुसरं. अमेरिकेचे फ्रान्सिस ट्रेनर यांनी सेनेडेस्मसबद्दल हेच कित्येक वर्षं सांगितलं होतं. चार पेशींची काटेरी पट्टी हे ज्या शैवालाचं ओळखपत्र, तेच परिस्थिती बदलली की सुट्या पेशींच्या रूपात राहतं आणि त्या सुट्या पेशींना लोकांनी भलत्याच प्रजातीचं नाव दिलेलं असतं. ट्रेनर यांचं तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही. २०११ मध्ये बॉक, क्रिनिट्झ आणि प्रॉशोल्ड यांनी क्लोरेलाची पुन्हा मांडणी करून सात नव्या जाती वर्णन केल्या; या वेळी क्लोरेलाच्या घरात अशीही शैवालं आली, जी चिकट आवरणात झुबक्यांनी राहतात आणि म्हणून आधी डिक्टिओस्फेरियम गणली जात. घरातले बाहेर गेले, बाहेरचे घरात आले. नवी प्रजाती काढून नाव कमावण्यासाठी शास्त्रज्ञ हे करतात असा एक आरोप असतो. काही ठिकाणी तो खराही असेल. पण शंभरावरून तीनवर येणं आणि मग पुरावा मिळाल्यावर वाढणं, हे काही निव्वळ हौसेने होत नाही.

सूक्ष्मदर्शकात दिसत नाही तो फरक असला काय नि नसला काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला उत्तर देताना मला दोन उदाहरणं पुरेशी वाटतात. पॅरामेशियम बर्सारिया या एकपेशीय प्राण्याच्या पोटात हिरवे गोळे राहतात. सगळे क्लोरेलाच समजले जात. या गोळ्यांना संसर्ग करणारे मोठे विषाणू सापडले, तेव्हा दिसलं की विषाणूंचा एक गट काही गोळ्यांनाच लागतो आणि दुसरा गट दुसऱ्यांनाच; अदलाबदल चालत नाही. पुढे नावं ठरली ती अशी, की पहिले गोळे क्लोरेला व्हेरिएबिलिस आणि दुसरे मायक्रॅक्टिनियम कंडक्ट्रिक्स. माणसाच्या आधी विषाणूंनी वर्गीकरण केलेलं होतं. दुसरं उदाहरण गोठ्यातलं. प्रोटोथेका हे क्लोरेलाचं जवळचं नातेवाईक. पूर्वज हिरवे होते, पण याने हरितद्रव्य गमावलं आणि आयतं अन्न खाऊन जगू लागलं. गाईच्या कासेत शिरलं की त्याने कासदाह होतो, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात. नेहमीची प्रतिजैविकं त्याच्यावर चालत नाहीत आणि बऱ्याचदा ती गाय कळपातून काढावी लागते. या रोगाचं खापर प्रोटोथेका झोप्फी या जातीवर फोडलं जाई. पण हीच 'जाती' निरोगी गोठ्यातल्या शेणामातीतही सापडे. मग ती घातक की निरुपद्रवी? तपासात तिचे दोन प्रकार निघाले. कासदाह करणारा प्रामुख्याने त्यांतला एकच. २०१९ मध्ये यागिएल्स्की आणि सहकाऱ्यांनी हे प्रकार वेगळ्या जाती म्हणून मांडले, गोठ्यातल्या मातीतला प्रोटोथेका सिफेरी आणि कासेतला प्रोटोथेका बोव्हिस. गोठ्यात झोप्फी सापडलं या वाक्यावरून पशुवैद्याला काहीच ठरवता येत नव्हतं. बोव्हिस सापडलं यावरून ठरवता येतं.

एवढं सांगून झाल्यावर नामांतराची झळ कुणाला लागते तेही सांगायला हवं, कारण ती आपल्याकडे जास्त लागते. तलावाचं पाणी किती दूषित आहे हे ठरवण्यासाठी सी. मर्व्हिन पामर यांनी १९६९ मध्ये एक सोपा निर्देशांक दिला. सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या शैवालांच्या प्रजातींना त्यांनी गुण दिले. नमुन्यात जेवढ्या सापडतील त्यांची बेरीज करायची, बेरीज २० किंवा त्याहून जास्त आली तर प्रदूषण भारी. युग्लिनाला ५, सेनेडेस्मसला ४, क्लोरेलाला ३, मायक्रॅक्टिनियमला १. एक सूक्ष्मदर्शक आणि एक तक्ता एवढ्यावर काम भागतं, त्यामुळे भारतातल्या तलावांवरच्या असंख्य निबंधांत आणि प्रबंधांत पामर यांचा हा तक्ता येतो. पण १९९९ मध्ये सेनेडेस्मसमधून काटेरी जाती बाहेर काढून डेस्मोडेस्मस ही स्वतंत्र प्रजाती झाली. गढूळ, सांडपाण्याच्या तळ्यात हमखास दिसणारी सेनेडेस्मस क्वाड्रिकॉडा, जिला पामर यांनी जातींच्या यादीतही ठळक स्थान दिलं होतं, ती नेमकी या काटेरी गटातली. आज एखाद्या विद्यार्थ्याने इमानेइतबारे तिचं नवं नाव लिहिलं आणि तक्त्यात डेस्मोडेस्मस शोधलं, तर ते तिथे नाही. गुण शून्य. घाण पाणी कागदावर चार गुणांनी स्वच्छ झालं! यावर जुनी नावं चालू ठेवा असा उपाय सुचवला जातो, पण तो फसवा आहे, कारण तक्ता आधीही सुरक्षित नव्हता. केस गळालेलं मायक्रॅक्टिनियम क्लोरेला म्हणून मोजलं की १ चे ३ होतातच. खरा उपाय जास्त कंटाळवाणा आहे. पामर यांनी सेनेडेस्मस म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात कोणकोणती शैवालं होती ते पाहून, आजची नावं त्या जुन्या अर्थात परत बसवायची आणि मगच गुण द्यायचे. तक्ता वापरणाऱ्या प्रत्येकाने हे करावं अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. नामांतर सुचवणाऱ्यांनीच अशी सारणी सोबत द्यायला हवी. ती क्वचितच दिली जाते, आणि इथे मला तक्रार करणाऱ्यांची बाजू पटते.

आता दप्तराकडे वळू. शैवालं, कवकं आणि वनस्पती यांच्या नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. दर सहा वर्षांनी भरणाऱ्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ती सुधारली जाते. तिचं मुख्य तत्त्व अग्रक्रमाचं. एकाच गोष्टीला दोघांनी नाव दिलं असेल तर आधीचं खरं. तत्त्व न्याय्य आहे, पण ते यंत्रासारखं चालवलं की गंमत होते. टर्पिन यांनी १८२८ मध्ये एका शैवालाचं वर्णन केलं आणि ते डायटमांच्या प्रजातीत टाकलं. क्यूत्झिंग यांनी ते सेनेडेस्मस ऑब्लिक्वस केलं, आणि या नावाने ते दीडशेहून अधिक वर्षं नांदलं. डीएनएच्या पुराव्याने टोकदार पेशींचा हा गट वेगळा निघाला, तेव्हा त्याला अक्युटोडेस्मस म्हटलं गेलं. हा बदल ज्ञानाचा. पण मग लक्षात आलं, की गिल्बर्ट स्मिथ यांनी १९१३ मध्ये वर्णिलेली टेट्राडेस्मस ही छोटीशी प्रजातीही याच गटात पडते. १९१३ आधी, म्हणून सगळा गट तिच्या नावे. २०१५ मध्ये विन आणि हॅलन यांनी ते नाव पुन्हा उभं केलं आणि ऑब्लिक्वसला पंधराएक वर्षांत दुसऱ्यांदा घर बदलावं लागलं. या दुसऱ्या बदलाने शैवालाविषयी नवं काहीच कळलं नाही. लाल ॲस्टाझँथिन रंगासाठी जगभर वाढवलं जाणारं हिमॅटोकॉकस प्लुव्हिआलिस हेही असंच. १८०२ मधलं एक जुनं वर्णन याच शैवालाचं आहे असं दाखवून २०१६ मध्ये त्याचं योग्य नाव हिमॅटोकॉकस लॅकुस्ट्रिस असल्याचं मांडलं गेलं. उद्योगाने अजून प्लुव्हिआलिस सोडलेलं नाही, आणि त्याने सोडावं म्हणून मी हट्ट धरणार नाही.

कारण संहितेतच यावर उतारा आहे. फार वापरातलं नाव जुन्या, विसरलेल्या नावामुळे धोक्यात येत असेल तर तज्ज्ञ समितीपुढे प्रस्ताव ठेवून ते राखून ठेवता येतं. क्लॅमिडोमोनासच्या बाबतीत ही युक्ती फार शहाणपणाने वापरली गेली. या प्रजातीत चारशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांची अवस्था क्लोरेलासारखीच, निरनिराळ्या कुळांची सरमिसळ. प्रॉशोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची फोड सुरू केली. फोड करताना मूळ नाव कोणत्या तुकड्याकडे राहणार हे त्या प्रजातीच्या आधार-जातीवरून ठरतं, आणि क्लॅमिडोमोनासची आधार-जाती होती पल्व्हिस्क्युलस नावाची एक धूसर, नेमकं काय ते सांगता न येणारी जाती. नियम अक्षरशः पाळला असता तर जिच्यावर हजारो निबंध लिहिले गेले, जिचा संपूर्ण जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, ती क्लॅमिडोमोनास रेनहार्टी बेनाम झाली असती. प्रॉशोल्ड आणि सिल्व्हा यांनी २००७ मध्ये रेनहार्टीलाच आधार-जाती करण्याचा प्रस्ताव मांडला, आणि नाव वाचलं. योगायोग असा, की प्रयोगशाळांतल्या रेनहार्टीचा मूळ स्ट्रेन १९४५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या बटाट्याच्या शेतातून काढणारे गृहस्थ तेच गिल्बर्ट स्मिथ, ज्यांच्या टेट्राडेस्मसने ऑब्लिक्वसला घर बदलायला लावलं. टेट्राडेस्मसच्या बाबतीतही असा एखादा प्रस्ताव आधी आला असता तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे. नातं नव्याने कळलं तर नाव बदलावं. नुसता जुना कागद सापडला तर आधी समितीचं दार वाजवावं.

तरीही कुणी म्हणेल, नावं अशी हलत राहणार असतील तर विश्वास ठेवायचा कशावर? स्ट्रेनच्या क्रमांकावर. गटिंगेन, ओबान, ऑस्टिन, त्सुकुबा इथल्या संग्रहांत हजारो शैवालं जिवंत जपली जातात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. बेयरिंक यांनी वेगळी काढलेली क्लोरेला व्हल्गॅरिस आजही गटिंगेनच्या संग्रहात एसएजी २११-११बी या क्रमांकाने वाढते आहे. सातबाऱ्यावर फेरफार होऊन खातेदाराचं नाव बदललं तरी गट क्रमांकावरून जमीन सापडते, तसंच हे. कॅल्विन किंवा सोरोकिन यांच्या काळातल्या ज्या निबंधांत स्ट्रेनची नोंद आहे त्यांचे निष्कर्ष आजच्या नावात सहज उतरवता येतात. जिथे नुसतंच क्लोरेला पायरेनॉयडोसा लिहिलं आहे तिथे हात टेकावे लागतात. नितेल्वातल्या शैवालाचं तीनदा नामकरण होऊनही विषबाधेच्या चाचण्यांची मालिका तुटली नाही, त्याचं श्रेय एनआयव्हीए-सीएचएल १ या क्रमांकाला आहे. संहितेची यात एक अडचण आहे. जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो आधार-नमुना जिवंत असून चालत नाही. तो मृत किंवा गोठवून निष्क्रिय केलेला असावा लागतो, आणि सूक्ष्म शैवालांच्या बाबतीत नुसतं चित्रही चालून जातं. जुन्या जातींपैकी कित्येकींच्या मागे एका चित्राखेरीज काहीही नाही, आणि चित्रातून डीएनए निघत नाही.

डीएनएलाही देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. एका जनुकावरून काढलेली वंशावळ दुसऱ्या जनुकाने मोडलेली आहे, आणि दोन क्रमांत किती फरक पडला म्हणजे जाती वेगळी मानायची याचं सर्वमान्य माप नाही. पण आकारावरून काढलेल्या वंशावळीपेक्षा ही वंशावळ एका बाबतीत निश्चित बरी: ती चुकली तर चूक दाखवता येते. अनेक पेशींची जाळीदार चकती असलेलं पेडियास्ट्रम घ्या. २००५ मध्ये डीएनएच्या आधारे त्याची पाचेक प्रजातींत फाळणी झाली. सिम्प्लेक्स मोनॅक्टिनसमध्ये गेलं, बोरिॲनम स्यूडोपेडियास्ट्रममध्ये, टेट्रास स्टॉरिडियममध्ये, आणि ड्युप्लेक्स मागे राहिलं. यावर शंका घेतल्या गेल्या. २०१४ मध्ये भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तीन खंडांतून गोळा केलेले स्ट्रेन तपासून पेडियास्ट्रम ही एकसंध प्रजाती नसल्याचं पुन्हा दाखवलं. त्याहून मोठ्या पातळीवर तर 'हिरवी शैवालं' हा गटच एकसंध नाही. प्रत्येक शाळकरी मुलाने वहीत काढलेलं स्पायरोगायरा, त्याच्या त्या नागमोडी हरितलवकासकट, क्लोरेलापेक्षा भाताच्या रोपाला जास्त जवळचं आहे.

भारतातल्या शैवालांची ओळख पटवायला अजूनही ज्या पुस्तकांचा आधार घेतला जातो ती या फेरमांडणीच्या आधीच्या जगातली आहेत. एम. टी. फिलिपोस यांचा भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९६७ मध्ये काढलेला ग्रंथ क्लोरोकॉकेलीज या गणावर आहे. त्यात वर्णिलेली क्लोरेला आता एका गणात आहे आणि सेनेडेस्मस, पेडियास्ट्रम दुसऱ्यात. ग्रंथाचं शीर्षकच जुनं झालं. महाराष्ट्रात एला गोन्साल्विस आणि जोशी यांनी १९४६ मध्ये वांद्र्याच्या तळ्यातल्या शैवालांचं ऋतुचक्र नोंदवलं, एन. डी. कामत यांनी १९६३ मध्ये कोल्हापूरच्या शैवालांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्या काळच्या याद्यांशी आजची यादी ताडून कुठल्या तळ्यात काय कमी-जास्त झालं हे कुणाला पाहायचं असेल, तर नावं नुसती शेजारी ठेवून चालणार नाही. पेडियास्ट्रमच्या चार जाती लिहिलेल्या जुन्या पानासमोर आज चार प्रजाती येतील आणि तळं एकाएकी समृद्ध झाल्यासारखं वाटेल. पेडियास्ट्रमच्या नोंदी आजच्या भाषेत आणता येतात, कारण चकतीच्या कडेच्या पेशींना एक शिंग आहे की दोन, आणि पेशींमध्ये भोकं आहेत की नाहीत, हे चित्रात दिसतं. काटेरी सेनेडेस्मसलाही डेस्मोडेस्मस म्हणायला फारसा धोका नाही. क्लोरेला व्हल्गॅरिस असं लिहिलेलं असेल तिथे मात्र एवढंच वाचावं, की त्या दिवशी त्या पाण्यात एक लहान हिरवा गोळा होता.